किती शिदोऱ्या लागतीन?

आमच्या आईचं अंतराचं माप शिदोरी. दारव्ह्याच्या बाजाराला शिदोरी लागत नाही, म्हणून ते लांब नाही. तिचं माहेर मूर्तिजापूरकडचं, तिथं जायला एक. पंढरपूरला चार. मुंबईला खरं तर दोनच, पण एकदा उन्हाळ्यात एक वाटेत आंबली, तेव्हापासून तीन धरायच्या. किलोमीटर तिला समजत नाहीत असं नाही. समजतात, पण ते ती हिशेबात घेत नाही. रस्त्यावरच्या दगडावर काय लिहिलंय याच्याशी पोटाचा संबंध नसतो, असं तिचं म्हणणं.

२०१८ च्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीचा शिकागोहून फोन आला. तिला दिवस गेले होते, जानेवारीतलं बाळंतपण, आणि आईनं यायचंच असा हट्ट. आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. ती म्हणाली, "शिकागो किती लांब हाय रे?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. असा प्रश्न आला की मला चेव येतो. मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर सांगणाऱ्या जागा असतात, तिथं पाहिलं. नागपूर ते शिकागो सुमारे १२,९०० किलोमीटर, वेळ साधारण पंधरा तास.

"ते नोको सांगू. शिदोऱ्या किती लागतीन थे सांग."

पंधरा तास म्हणजे एक, फार तर दीड, असं मी सांगून टाकलं. पुढं त्या दीडचं काय झालं ते येईलच. पण ते पंधरा तास कुठून येतात हे मला नंतर कळलं. पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यांत कमी अंतर काढायचं, विमानाच्या ताशी साडेआठशे-नऊशेच्या वेगानं त्याला भागायचं, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकायचा, की झालं उत्तर. गणित म्हणून चोख. अडचण एकच, नागपूरहून शिकागोला सरळ जाणारं विमानच नाही. पूल नसलेल्या नदीची रुंदी सांगितल्यासारखं ते.

तरी त्या १२,९०० नं मला एक भलताच नाद लावला. शाळेत पृथ्वीचा गोल आहे, आस वाकडी झालेला, ऑस्ट्रेलियावर कुणीतरी पेनानं मिशा काढलेल्या. मुलांना म्हटलं, नागपूरपासून शिकागोपर्यंत दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात शिकागो सरळ डावीकडं, म्हणून पोरांनी आधी दोरा आडवाच धरला, अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा. पण गोलावर दोरा ताणला की तो आपली जागा आपण शोधतो. हिसका देताच तो वर सरकला आणि हिमालय, रशिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या टाळूजवळून कॅनडात उतरला. एक पोरगी ओरडली, "सर, हे तं वरतून चाललं!"

खरंच वरतून. हिशेब केला तर तो रस्ता ८० अंश अक्षांशाला शिवून येतो, आणि आपल्याकडून निघताना त्याचं तोंड जवळजवळ सरळ उत्तरेला असतं, पश्चिमेला जेमतेम दहा-अकरा अंश कललेलं. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा, आणि दोराही मोजला तर ३० सेंटिमीटर. पट्टीएवढा.

आई रोज संध्याकाळी दिवा लावला की मावळतीकडं बघून हात जोडते, आणि बहीण गेल्यापासून त्या नमस्कारात थोडं तिचंही असतं. अमेरिका पश्चिमेला, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी तिला सांगितलं, तुझी पोरगी तिकडं नाही, इकडं आहे, गोठ्याच्या मागं. ती गोठ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हशीच्या अंगावरून?" आणि पुन्हा मावळतीलाच हात जोडले.

आईचा पहिला लांबचा प्रवास शकुंतलेनं झाला. यवतमाळ–मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद लोहमार्गाची गाडी, वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाइनपर्यंत नेण्यासाठी इंग्रजी कंपनीनं घातलेली. तिला १९२१ साली मँचेस्टरात बनलेलं वाफेचं इंजिन होतं, ते १९९४ च्या एप्रिलात उतरवलं आणि डिझेलचं लावलं. आमचा कापूस जिथं जायचा तिथूनच त्याला ओढणारं इंजिन आलेलं, हा योग मला फार नंतर कळला. लग्न लागल्यावर आई त्या गाडीनं कारंजामार्गे दारव्ह्याला आली. गाडी कुठं थांबेल याचा नेम नव्हता. फाटक उघडायला गाडीतलाच माणूस खाली उतरायचा, गाडी पुढं काढायचा, फाटक लावायचा आणि पुन्हा चढायचा. आई सांगते, शिदोरी सोडली तेव्हा माहेरची बाभळीची रांग दिसत होती, खाऊन हात धुतले तरी तीच दिसत होती. आता ती गाडी बंद आहे. रुळांत गवत आहे आणि ती पुन्हा सुरू होणार अशी बातमी दर निवडणुकीला येते.

तर मूर्तिजापूर ते दारव्हा हा तिच्या मनातला सगळ्यांत लांबचा प्रवास. मुंबईचा नंतरचा, व्हिसाचा. बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे, तीन शिदोऱ्या, आणि खिडकीपलीकडच्या बाईनं विचारलेले तीन प्रश्न. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तिकीट बहिणीनं तिकडूनच काढलं. २५ डिसेंबर, पहाटे नागपूरहून दोहा, तिथून शिकागो. नाताळच्या दिवशी लोक घरी बसलेले असतात म्हणून भाडं कमी होतं. तिनं भाडं पाहिलं, पंचांग पाहिलं नाही. आईनं भिंतीवरचं कॅलेंडर उलटवलं आणि कपाळावर हात मारला. मंगळवार, संकष्टी. अंगारकी!

ज्यांच्या घरी हे नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संकष्टी दर महिन्याला येते, ती मंगळवारी आली की अंगारकी, आणि एक अंगारकी केली की एकवीस संकष्ट्या पदरात पडतात असं म्हणतात. उपास चंद्र पाहून सोडायचा. इथंच घोळ झाला. चंद्र कुठला?

आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली यावर तीन संध्याकाळी चर्चा झाली. काकांचा निकाल सरळ होता, आईनं हातातलं घड्याळ गावचंच ठेवावं, इथं नवाच्या सुमाराला चंद्र निघतो, नऊ वाजले की सोडावा. मी म्हटलं, काका, इथं रात्रीचे नऊ तेव्हा शिकागोत सकाळचे साडेनऊ. तिकडचं घड्याळ हिवाळ्यात साडेअकरा तास मागं असतं. शेजारच्या मामीनं डोळे मोठे केले, "म्हंजे तिकडं चंद्र सकाळीच निंगते का?" बहीण स्पीकरवर होती. म्हणाली, आई, लहान मुलं, आजारी माणसं आणि प्रवासी यांना सूट असते. आई म्हणाली, "सूट दुकानात असते." शेवटी देवळातल्या महाराजांना विचारलं. त्यांनी पंचांग चाळलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "जिथं देह, तिथला चंद्र."

मला हे उत्तर आवडलं. त्यात खगोलशास्त्राच्या दृष्टीनं एक अक्षर चुकीचं नाही. पण त्याचा अर्थ आईचा उपास साडेअकरा तासांनी लांबला, आणि दीड शिदोरीचं माझं गणित पहिल्याच फटक्यात गेलं. पोळ्या-चटणीची शिदोरी रद्द झाली. तिच्या जागी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू आणि साबुदाण्याची उसळ एका डब्यात.

२४ तारखेला संध्याकाळी सहा वाजता घर सोडलं. नागपूरचा विमानतळ आमच्यापासून दोनशे किलोमीटर, आणि तेव्हा यवतमाळ–वर्धा रस्त्याचं काम चालू होतं. वळणावर वळण, ट्रकमागं ट्रक, काच बंद केली तरी दातांत माती. कळंबला चिंतामणीसाठी थांबलो. हा गणपती जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. दुसऱ्या दिवशीच्या अंगारकीसाठी बांबूचे कठडे बांधणं सुरू होतं. आकाशात जायच्या आधी आई जमिनीखाली उतरून आली, हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी गाडी कुठं लावू या काळजीत होतो.

दोनशे किलोमीटरला साडेपाच तास लागले, ताशी छत्तीसचा वेग. नंतर रिकाम्या तासाला मी फळ्यावर गणित मांडलं होतं, दोहामार्गे शिकागो १४,३०० किलोमीटर, आमच्या रस्त्याच्या वेगानं गेलो तर साडेसोळा दिवस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते कळलं नाही.

नागपूरच्या त्या सोनेगाव विमानतळाबाहेर थंडीत बसलो होतो. या जागेची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला भेटायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. अख्ख्या देशाची पत्रं रोज रात्री वैदर्भीय अंधारात हात बदलत होती. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्याईचं विमान चुकत नव्हतं का?" तिला स्वतःच्या विमानाची काळजी.

बहिणीनं तिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. इंग्रजी न येणाऱ्या आईबापांसाठी सगळे लेकरं हाच उपाय करतात. खुर्ची ढकलणारा माणूस या दारातून त्या दारात आपोआप नेतो, वाट विचारावी लागत नाही. रोज चार किलोमीटर वावरात चालत जाणारी आमची आई त्या खुर्चीकडं बघून लाल झाली. "मी काय लंगडी हाओ?" शेवटी बसली, पण पाय पायपट्टीवर टेकवले नाहीत, अधांतरी धरले. गळ्यात कागद अडकवलेला, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की ही बाई फक्त मराठी बोलते. काचेपलीकडं ती दिसेनाशी झाली तेव्हा मला तिच्याऐवजी तो कागदच दिसत राहिला.

घरी परतलो, आणि रात्री वावरात. त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची थ्री-फेज होती. शेतपंपाची वीज रात्री द्यायची आणि कास्तकारानं साप-विंचवात दांड फोडत फिरायचं, हा आमच्याकडचा जुना नियम. यावर लिहायला बसलो तर हा लेख त्यातच जाईल. हरभऱ्याला पाणी लावलं आणि विहिरीच्या काठावर बसलो, कारण नेटवर्क तिथंच येतं.

वर एक विमान चाललं होतं. नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळं उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या विमानांची आमच्या डोक्यावर रात्रभर ये-जा असते. लहानपणापासून बघतो, पण त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं की ते विमान किती लांब आहे? लांब पल्ल्याची विमानं साधारण अकरा किलोमीटरवरून उडतात. दारव्हा आमच्यापासून चौदा. म्हणजे त्या विमानात झोपलेला कुणी अनोळखी माणूस मला तहसील कचेरीपेक्षा जवळ होता! फक्त त्याच्यापर्यंत जायला एसटी नव्हती. तशी ती दारव्ह्यालाही वेळेवर नसतेच.

नवाच्या सुमाराला तुरीच्या ओळींमागून चंद्र आला. थोडा झिजलेला, लालसर, मोठा. गावात आरतीची घंटा वाजली. मी मोबाइल उघडला. विमानं दाखवणाऱ्या त्या नकाशावर पिवळं चिमुकलं विमान ग्रीनलंडच्या अंगाला होतं. इथं चंद्र उगवला होता, लोक उपास सोडत होते, आणि आई भर दुपारी बर्फावरून चालली होती.

तिथं काय झालं ते तिनं परत आल्यावर सांगितलं, एकदा नाही, दहा वेळा. दर वेळी तेच शब्द, त्यामुळं मी ते खरं मानतो. दोह्याहून सकाळी विमान उडालं. काही तासांनी जेवण आलं, तिनं हात हलवला. त्या पोरीला अंगारकी समजली नाही, पण नाही समजलं. तिनं केळं आणि सफरचंद आणून दिलं. मग सगळ्यांनी खिडक्यांची झापडं पाडली, दिवे मालवले. आईची जागा डावीकडच्या खिडकीशी. तिनं झापड बोटभर उघडं ठेवलं, चंद्र चुकू नये म्हणून. त्या फटीतून तिला सूर्य दिसला, खाली टेकलेला, लाल, आत्ता बुडेल असा. तिनं डोळे मिटले, अथर्वशीर्ष म्हटलं, उघडले. सूर्य तिथंच. झोपली, उठली. तिथंच.

"मले वाटलं, विमान बंद पडलं. उभं हाय जाग्यावर."

मुलांना हे समजावताना मी खळं काढलं. खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली, तिच्याभोवती बैलांची पात फिरते. बाहेरच्या बैलाला पळावं लागतं, मेढीजवळचा जागच्या जागी पाय हलवतो, आणि फेरा मात्र दोघांचा बरोबर पुरा होतो. पृथ्वीचंही तेच. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटरनं पूर्वेकडं धावते, पण ६० अंशांवर तोच वेग निम्मा, ८३५. आणि विमान पश्चिमेकडं जवळजवळ त्याच वेगानं जातं. जमीन जेवढी पुढं नेते तेवढं ते मागं येतं, म्हणून सूर्य खिडकीत टांगल्यासारखा राहतो. दोहा–शिकागोचा सरळ रस्ता ६३ अंशांपर्यंत वर जातो. त्यात डिसेंबरचा शेवट, त्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून हातभर वर येत नाही. म्हणजे आईनं पाहिलेली ती न संपणारी संध्याकाळ खरं तर न संपणारी दुपार होती. मेढीजवळच्या बैलावर बसून ती सूर्याच्या बरोबरीनं चालली होती, पोटात दोन लाडू.

दुपारीच ती शिकागोत उतरली. विमानतळावर नाताळची रोषणाई होती, ती आपल्या अंगारकीची असावी असं तिला क्षणभर वाटलं. रांगा, शिक्के, मग बहिणीची गाडी. घरी पोचली तेव्हा तिकडचे संध्याकाळचे सहा. घड्याळानं म्हणाल तर सहा ते सहा, बरोबर चोवीस तास. अंगानं म्हणाल तर साडेपस्तीस. मोबाइलनं सांगितलेले पंधरा तास त्यात कुठं बसतात ते मी आजही शोधतो.

आठनंतर बहिणीच्या घरासमोर, पानं झडलेल्या झाडांमागून चंद्र आला. आई शाल, स्वेटर आणि जावयाचा कोट घालून अंगणात उभी राहिली, ताम्हनाऐवजी स्टीलची ताटली, आणि अर्घ्याचं पाणी बर्फावर सोडलं. मग वरण-भात जेवली. आमच्याकडं दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली होती. मी दूध काढत होतो.

नातू जानेवारीत झाला. आई जूनमध्ये परत आली. येताना विमानाला तेरा-साडेतेरा तासच लागले, जाताना पंधरा. अंतर तेच. मी तिला वाऱ्याचं सांगितलं. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं एक जोराचा वारा वाहतो, विमान त्याच्या तोंडी गेलं की वेळ लागतो, पाठीवर घेतला की वाचतो. या वाऱ्यासाठी विमानं लांबची वाटही पत्करतात. २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान नेहमीचा १३,९०० किलोमीटरचा अटलांटिकचा रस्ता सोडून पॅसिफिकवरून १५,३०० किलोमीटर गेलं, आणि तरी साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा लवकर पोचलं. मला वाटलं होतं हे ऐकून तिला आनंद होईल, कारण किलोमीटर खोटे हे तिचंच म्हणणं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे शिकागो चढावर हाय," ती म्हणाली. "येताना उतार लागते."

शिदोऱ्यांचा हिशेब तिनं अजून दिलेला नाही. कुणी विचारलं की ती म्हणते, जाताना एकही नाही आणि येताना अर्धी. मामीला ते खोटं वाटतं.

एक गोष्ट मात्र सुरू झाली. बहीण उपास करत नाही, पण दर संकष्टीला ती चंद्राचा फोटो पाठवते. तिकडं रात्री काढलेला फोटो इकडं पोचतो तेव्हा आमची सकाळ असते. परवाच्या संकष्टीला आईनं रात्री इथला चंद्र पाहिला, उपास सोडला, झोपली. सकाळी आम्ही कापूस वेचायला गेलो होतो. विहिरीजवळ फोन टुणकला. मी कमरेच्या ओटीत बांधलेल्या कापसासकट तिच्याकडं गेलो आणि फोटो दाखवला, काळ्या आभाळात, फांद्यांच्या जाळीत अडकलेला, थोडा झिजलेला.

तिनं पऱ्हाटीतून मान वर केली, डोळे बारीक करून पाहिलं.

"कालच गेला इथून," ती म्हणाली. "पोचला म्हणा."